तार कोठे संपते?

आधुनिक घराला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात. पाण्याचा नळ, विजेची तार आणि सांडपाण्याची मोरी या जुन्या वाहिन्यांत गेल्या तीस वर्षांत इंटरनेटच्या जोडणीची भर पडली आहे. पाणी आणि वीज यांच्याविषयी सामान्य गृहस्थाला बरीच जाण असते. नळाला पाणी कमी आले, तर दोष रस्त्याखालच्या जलवाहिनीत आहे, गच्चीवरील टाकीत आहे की तोटीत आहे, हे तो बहुधा ओळखतो. दिवा विझला, तर तो प्रथम शेजारच्या घराकडे पाहतो आणि मग फ्यूजकडे वळतो. इंटरनेट मंदावले की मात्र तोच गृहस्थ हतबल होतो. ज्या वाहिनीवर त्याच्या मुलांचे शिक्षण, बँकेचे व्यवहार आणि कधी कधी त्याची नोकरीही अवलंबून असते, तिच्या रचनेची त्याला कल्पना नसते.

ही रचना वाटते तितकी गूढ नाही. ‘तारेची जोडणी’ आणि ‘बिनतारी जोडणी’ असे दोन शब्द आपण परस्परविरुद्ध म्हणून वापरतो. वस्तुतः पूर्णपणे बिनतारी अशी जोडणी सामान्य घरात आढळत नाही. प्रत्येक बिनतारी जोडणीच्या मागे कोठे तरी तार असतेच. ती खोलीतील यंत्रापर्यंत येऊन संपते, गच्चीपर्यंत येते, की दोन किलोमीटरवरील मनोऱ्याशीच थांबते, एवढाच काय तो फरक. म्हणून जोडणी घेताना आणि ती बिघडल्यावरही, विचारण्याजोगा पहिला प्रश्न एकच आहे : तार कोठे संपते?

बोम्मसंद्रा

या प्रश्नाचा विचार एखाद्या प्रत्यक्ष ठिकाणाच्या संदर्भात केल्यास तो अधिक स्पष्ट होईल. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बंगळूर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. या शहराच्या दक्षिणेस, तामिळनाडूच्या सीमेकडे जाणाऱ्या होसूर रस्त्यावर, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा हे ठिकाण आहे. एके काळचे हे खेडे आज मोठी औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. यंत्रांचे सुटे भाग, औषधे, वस्त्रे इत्यादींचे कारखाने येथे आहेत. २००१ मध्ये सुरू झालेले नारायण हृदयालय हे प्रसिद्ध रुग्णालय येथेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूरच्या मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. तिचे दक्षिणेकडील शेवटचे स्थानकही बोम्मसंद्रा हेच आहे.

शेजारीच इलेक्ट्रॉनिक सिटी आहे. तिची उभारणी १९७०च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने सुरू केली. पुढे १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूर येथे आपले केंद्र काढले. तेव्हा परदेशाशी माहितीची देवघेव करण्यासाठी तिला उपग्रहाकडे तोंड केलेली स्वतंत्र तबकडी बसवावी लागली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सर्वसामान्य भारतीय ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ पासून खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्रात प्रवेश मिळाला. जे साधन एका बड्या कंपनीला खास सोय करून मिळवावे लागले, ते आज बोम्मसंद्र्याच्या गल्लीबोळांतून मागणी करताच मिळू शकते. परंतु ते सर्वांना सारखे मिळते असे नाही. याचे कारण पुढे येईलच.

वेगाचे माप

इंटरनेटवरून जाणारा प्रत्येक संदेश, मग तो पत्र असो, छायाचित्र असो वा गायन असो, शून्य आणि एक या दोनच अंकांच्या लांबलचक मालिकेत रूपांतरित केलेला असतो. यातील प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. एका सेकंदात किती बिट वाहून नेले जातात, यावरून जोडणीचा वेग ठरतो. दहा लाख बिटांचा एक मेगाबिट होतो.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. जोडणी विकणारी कंपनी वेग बिटांत सांगते, तर संगणक साठवलेल्या माहितीचे आकारमान बाइटमध्ये दाखवतो. एक बाइट म्हणजे आठ बिट. त्यामुळे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट एवढीच माहिती उतरू शकते. हजार मेगाबाइटच्या चित्रपटाला अशा जोडणीवर सुमारे ८० सेकंद लागतील. दूरध्वनीच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या मोडेमचा कमाल वेग सेकंदाला ५६ हजार बिट एवढा होता. त्या वेगाने याच कामाला जवळजवळ ४० तास लागले असते.

भारत सरकारच्या २००४च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ हजार बिट वेगाच्या अखंड जोडणीस ‘ब्रॉडबँड’ म्हटले जाई. २०२३ पासून ही मर्यादा दोन मेगाबिट करण्यात आली आहे. अर्थात ही किमान मर्यादा झाली. एका मुलाचा चित्रफितीद्वारे चालणारा वर्ग साधारणतः दोन ते चार मेगाबिटांत नीट चालतो. चार माणसांच्या कुटुंबात सर्वजण एकाच वेळी अशी साधने वापरत असतील, तरी ४० ते ५० मेगाबिटांची जोडणी पुरेशी होते. याहून मोठा आकडा विकत घेण्यापूर्वी तो घरातील प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोहोचणार आहे काय, याचा विचार करणे अधिक हिताचे असते.

तांबे आणि काच

प्रारंभी घरगुती इंटरनेट दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून आले. तांब्यातून विद्युत्संदेश जातो. परंतु अंतर वाढत जाईल तसा तो क्षीण होतो, आणि संदेशाचा वेग जितका अधिक, तितका हा क्षय अधिक असतो. त्यामुळे दूरध्वनी केंद्रापासून पाच किलोमीटरवर राहणाऱ्या ग्राहकाला केंद्राच्या शेजारच्या ग्राहकाएवढा वेग मिळणे शक्यच नव्हते.

ही अडचण काचेने दूर केली. स्वच्छ विहिरीच्या पाण्यात बुडी मारून तिरप्या नजरेने पृष्ठभागाकडे पाहिले, तर तो आरशासारखा चमकताना दिसतो. पाण्यातून हवेकडे फार तिरपा जाणारा प्रकाश बाहेर न पडता परत आत वळतो, म्हणून असे घडते. प्रकाशतंतूचे तत्त्व हेच आहे. तंतूचा गाभा एका प्रकारच्या काचेचा आणि त्यावरील आवरण किंचित वेगळ्या काचेचे असते. गाभ्यात शिरलेला प्रकाश आवरणाच्या सीमेवरून पुनःपुन्हा आत वळत पुढे जातो. दूरसंचारासाठी वापरल्या जाणाऱ्या तंतूच्या गाभ्याचा व्यास एक मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका असतो. आवरणासह संपूर्ण तंतू माणसाच्या केसाहून थोडाच जाड भरतो.

चार्ल्स काओ या शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की, काच पुरेशी शुद्ध करता आली तर तिच्यातून दूर अंतरावर संदेश धाडता येतील. एक किलोमीटर गेल्यावर मूळ प्रकाशाचा एक शतांश भाग उरला तरी पुरे, असा त्याचा हिशेब होता. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन कंपनीने हे उद्दिष्ट गाठले. आजच्या तंतूत एका किलोमीटरनंतर ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश शिल्लक राहतो. काओ यांना या कार्यासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

एक तंतू, अनेक घरे

बोम्मसंद्र्यातील एखाद्या घरात शिरणारा तंतू केंद्रापासून स्वतंत्रपणे आलेला असतो, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेतील खांबावर किंवा इमारतीच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या पेटीत शिरतो आणि तेथे त्याच्या ३२ अथवा ६४ शाखा होतात. या पेटीला वीज लागत नाही. एखाद्या पाटाचे पाणी अनेक चाऱ्यांत वाटले जावे, तसा येथे प्रकाश वाटला जातो. ३२ शाखा झाल्यावर प्रत्येक घराच्या वाट्याला मूळ प्रकाशाच्या बत्तिसाव्या भागाहूनही थोडा कमी प्रकाश येतो. तरी काळजीचे कारण नसते, कारण मूळ प्रकाशाचा सुमारे सहाशेवा भाग हाती आला तरी घरातील यंत्र त्याचा अर्थ लावू शकते.

जाणारे आणि येणारे संदेश एकाच तंतूतून कसे वाहतात, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्यासाठी निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. केंद्राकडून घराकडे १४९० नॅनोमीटर आणि घराकडून केंद्राकडे १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण धावतात. हे दोन्ही किरण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच तुटलेल्या तंतूच्या टोकात डोकावून ‘प्रकाश येतो का’ हे पाहणे धोक्याचे आहे.

या पद्धतीत घराकडे येणारा एकूण प्रवाह सेकंदाला सुमारे २५०० मेगाबिट असतो आणि तो सर्व शाखांत मिळून वापरला जातो. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने मागणी केली, तर प्रत्येकाला ७८ मेगाबिटच मिळतील. असे क्वचितच घडते. परंतु रात्री नऊच्या सुमारास, सर्व घरांतील पडदे उजळलेले असताना, वेग उतरतो तो अनेकदा अशा सामायिक वाटणीमुळेच. कंपनीच्या केंद्रापासून पुढे जाणारी वाहिनी अपुरी असल्यासही हाच परिणाम दिसतो.

जोडणी बसविताना गृहस्थाने चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली गोष्ट म्हणजे तंतूला काटकोनात दुमडू नये. साध्या तंतूचे वळण सुमारे तीन सेंटिमीटर त्रिज्येहून लहान झाले, तर प्रकाश गाभ्यातून बाहेर निसटू लागतो. दाराच्या फटीत चेपलेला तंतू हे मंद जोडणीचे एक सामान्य कारण आहे. दुसरी गोष्ट सांध्याची. दोन तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून जोडले, तर सांध्यात प्रकाशाची हानी नगण्य होते. घाईने बसविलेल्या टोपणात ती अधिक असते. तिसरी गोष्ट मोजणीची. कामगाराजवळ प्रकाशमापक असतो आणि त्यावरील आकडा ग्राहकाने अवश्य विचारावा. तो उणे १५ ते उणे २५ यांच्या दरम्यान असावा. उणे २७ च्या पलीकडे जोडणी अविश्वसनीय होते. या मापात तीन अंकांची घट म्हणजे प्रकाश निम्मा होणे, आणि दहा अंकांची घट म्हणजे तो दशांश होणे.

चौथी गोष्ट विजेची. जुन्या दूरध्वनीला लागणारी वीज केंद्रातूनच तांब्याच्या तारेवरून येत असे. त्यामुळे घरातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही. काचेतून वीज वाहत नाही. घरातील यंत्राला घराचीच वीज लागते आणि ती गेली की जोडणीही जाते. हे यंत्र साधारणतः १२ व्होल्टवर चालते आणि त्याला वीजही थोडीच लागते. म्हणून त्यापुरता लहानसा विद्युत्घट बसविणे फार खर्चाचे नाही.

तार मनोऱ्याशी संपते तेव्हा

ज्या घरापर्यंत तंतू आणणे अवघड असते, तेथे दुसरा मार्ग उपलब्ध आहे. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये पाचव्या पिढीची मोबाइल सेवा सुरू झाली. २०२३ मध्ये याच लहरींवर चालणारी घरगुती जोडणी प्रमुख शहरांत मिळू लागली, त्यांत बंगळूरचाही समावेश होता. ‘एअरफायबर’ या व्यापारी नावाने ती ओळखली जाते. हवा आणि तंतू या दोन्ही शब्दांच्या या मिश्रणाने ग्राहकाचा गोंधळ होतो. येथे तंतू सामान्यतः मनोऱ्यापर्यंत असतो. तेथून पुढे गच्चीवरील यंत्रापर्यंत रेडिओलहरी येतात.

यासाठी मुख्यतः ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढील आणि २६ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचे पट्टे राखून ठेवले आहेत. वारंवारता जितकी उच्च, तितकी माहिती अधिक मावते. पण त्याच प्रमाणात भिंत, झाडाची पाने आणि पाऊस यांचा अडथळाही वाढतो. अशा अतिसूक्ष्म लहरींचा अभ्यास आपल्याच देशात फार पूर्वी झाला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अशा लहरींच्या साहाय्याने दूर अंतरावरील घंटा वाजवून दाखविली होती.

या पद्धतीचे गुण उघड आहेत. रस्ता खोदावा लागत नाही, खांबावरून दोरखंडासारख्या तारा ओढाव्या लागत नाहीत आणि काही तासांत जोडणी सुरू होते. तिच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. मनोऱ्याची क्षमता परिसरातील सर्व मोबाइल ग्राहकांत वाटली जाते. औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर हजारो मोबाइल एकदम जागे होतात. शिवाय बोम्मसंद्र्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या भागात आज मोकळी असलेली दिशा उद्या नव्या इमारतीने बंद होऊ शकते. म्हणून तंतू उपलब्ध असेल तेथे तंतू घ्यावा आणि तो नसेल तेथे मनोऱ्याचा आश्रय करावा, हा सर्वसाधारण नियम समजण्यास हरकत नाही.

उंबरठ्याच्या आत

तंतू घरात आला की प्रकाशाचे विद्युत्संदेशात रूपांतर करणारे यंत्र लागते आणि ते संदेश घरातील साधनांत वाटणारे राउटर लागते. अलीकडे ही दोन्ही कामे बहुधा एकाच पेटीत केलेली असतात. राउटरचे काम मोठ्या वाड्याच्या दरवानासारखे असते. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक असतो. आलेले पत्र कोणत्या खोलीत द्यायचे, हे दरवान जाणतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकंदर सुमारे ४२९ कोटीच पत्ते शक्य होते. जगातील साधने त्याहून अधिक झाल्यामुळे, एका पत्त्यामागे अनेक साधने ठेवण्याची ही युक्ती सर्वत्र रूढ झाली.

राउटरपासून पुढे पुन्हा दोन मार्ग फुटतात. एक तांब्याच्या तारेचा. या तारेत आठ धागे असून ते दोन-दोनच्या जोडीने पिळलेले असतात. पीळ सौंदर्यासाठी नसतो. बाहेरील विद्युत्क्षोभाचा परिणाम जोडीतील दोन्ही धाग्यांवर सारखाच व्हावा आणि तो शेवटी वजा करून टाकता यावा, यासाठी तो असतो. अशा तारेवर सेकंदाला १००० मेगाबिट वेग १०० मीटरपर्यंत विनासायास मिळतो. जे साधन जागचे हलत नाही, उदाहरणार्थ टेबलावरील संगणक किंवा दूरचित्रवाणी संच, त्याला शक्य तो तारेनेच जोडावे. त्यामुळे हवेतील गर्दी कमी होते आणि फिरत्या साधनांना अधिक वाव मिळतो.

दुसरा मार्ग वाय-फायचा. एके काळी आपल्या देशात घरात साधा रेडिओ ठेवण्यासाठीही परवाना लागत असे. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा परवान्यातून मुक्त करण्यात आला, म्हणूनच आज घरोघरी राउटर ठेवता येतो. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि त्या भिंती तुलनेने सहज ओलांडतात. परंतु या पट्ट्यात एकमेकांना न अडखळणारे मार्ग तीनच आहेत. दाट वस्तीत वीस घरांचे राउटर या तीन मार्गांवर एकाच वेळी बोलू पाहतात. मायक्रोवेव्ह शेगडीही याच पट्ट्यात गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मार्ग अधिक आणि वेगही अधिक असतो, पण भिंतीपलीकडे या लहरी लवकर थकतात.

बंगळूरकडील घरांच्या भिंती पुष्कळदा सिमेंटच्या भरीव ठोकळ्यांच्या असतात, तर छत लोखंडी सळयांच्या काँक्रीटचे असते. अशी एक भिंत लहरींची शक्ती बरीच खाऊन टाकते आणि छत त्याहूनही अधिक. पोलादी कपाट लहरी परत फेकते, पाण्याची टाकी त्या शोषून घेते. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की शक्ती एक चतुर्थांश होते. तरीही जोडणी बसविणारा माणूस तार वाचावी म्हणून राउटर दाराजवळच्या कोपऱ्यात, कधी वीजमापकाच्या पेटीशेजारी टांगून जातो. घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी राउटर ठेवणे हा एकही पैसा न लागणारा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्यासाठी दहा मीटर तंतू अधिक लागला तरी तो मागून घ्यावा.

मजले दोन असतील, तर वरच्या मजल्यासाठी दुसरे प्रक्षेपक यंत्र बसवावे आणि ते पहिल्याशी तारेने जोडावे. केवळ हवेतून संदेश पकडून पुढे फेकणारे साधे यंत्र स्वस्त असते, पण ते एकाच मार्गावर प्रत्येक संदेश दोनदा उच्चारते आणि त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो.

दोषाचा शोध

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. इंटरनेट मंद झाल्यास शोध तारेच्या टोकापासून सुरू करावा. प्रथम एक संगणक तारेने राउटरला जोडून वेग मोजावा. नंतर राउटरच्याच खोलीत वाय-फायवर मोजावा. शेवटी दूरच्या खोलीत मोजावा. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवले की निदान बहुतांशी होते. तारेवरच वेग कमी असेल, तर दोष घराबाहेर आहे आणि कंपनीकडे तक्रार करावी. तारेवर वेग पुरेसा, पण त्याच खोलीत हवेतून कमी असेल, तर लहरींच्या मार्गात गर्दी आहे अथवा साधन जुने आहे. दोन्ही ठीक असून केवळ दूरच्या खोलीत वेग ढासळत असेल, तर भिंत आणि अंतर यांचा तो परिणाम आहे. अशा वेळी अधिक वेगाची महाग योजना घेणे म्हणजे तोटी तुंबली असता मोठी टाकी बसविण्यासारखे होय. जोडणी साफ तुटली असेल, तर यंत्रावरील तांबडा दिवा पाहावा. तो बहुधा ‘प्रकाश येत नाही’ असे सांगत असतो.

सुरक्षिततेचाही विचार याच वेळी करावा. लहरी घराच्या भिंतीशी थांबत नाहीत. त्या शेजाऱ्याकडे आणि रस्त्यावरही जातात. १९९० च्या दशकातील वाय-फायची संकेतपद्धती २००१ पर्यंत निकामी ठरली होती. आज ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए-३’ ही पद्धती निवडावी. परवलीचा शब्द लांब असावा. राउटरची व्यवस्था पाहण्याचा परवलीचा शब्द निराळा असतो आणि तो कारखान्यातून आलेला तसाच ठेवू नये. आपल्या जोडणीवरून परक्याने काही गैर केले, तर पहिली विचारणा जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे होते.

भाड्याची खोली

आतापर्यंत आपण ज्याचे घर स्वतःचे आहे अशा गृहस्थाचा विचार केला. परंतु औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांपैकी पुष्कळजण भाडेकरू असतात. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले कामगार एकाच आवारातील रांगेने बांधलेल्या खोल्यांत राहतात. अशा ठिकाणी तंतू फाटकापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. भिंतीला छिद्र पाडण्यास घरमालकाची अनुमती हवी, जोडणी कोणाच्या तरी नावावर हवी आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर मिळणारी सवलत तीन महिन्यांनी खोली बदलणाऱ्याच्या उपयोगाची नसते. परिणामी या कुटुंबांचे सारे इंटरनेट एका मोबाइलवर अवलंबून राहते. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हा एक मोबाइल आणि दोन-तीन मुले ही अडचण देशभर प्रकर्षाने जाणवली. तत्पूर्वी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता. परंतु न्यायालयाच्या निर्णयाने भिंतीला छिद्र पडत नाही.

या अडचणीवर तांत्रिक उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. दहा खोल्यांच्या रांगेला एक तंतू पुरतो. खोल्यांबाहेरच्या पडवीत दोन प्रक्षेपक यंत्रे तारेने जोडली, तर प्रत्येक खोलीला एकाच भिंतीपलीकडून लहरी मिळतात. सेकंदाला २०० मेगाबिटांची जोडणी अशी वाटली, तरी मुलांच्या वर्गांना ती सहज पुरेल. घरगुती जोडणी पैसे घेऊन परक्यांना विकण्याची मुभा नसते. मात्र डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संमत केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेनुसार किराणा दुकानदार किंवा चहावालादेखील परवान्यावाचून सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. ग्राहकाला हवे तेवढ्यापुरतेच पैसे भरून ते वापरता येते. खोल्यांच्या रांगेला हा मार्ग विशेष सोयीचा आहे. घरमालकाने बांधकामाच्या वेळीच प्रत्येक खोलीत एक रिकामी नळी ठेवली, तर पुढचे निम्मे काम तेथेच संपते. विजेसाठी अशी नळी ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहेच.

नळ प्रथम गावच्या चौकात आला, मग वाड्याच्या अंगणात आणि शेवटी स्वयंपाकघरात. प्रत्येक टप्प्यावर जिच्या डोक्यावर हंडा होता, तिचे काही श्रम वाचले. इंटरनेटची तारही अशीच पुढे सरकत आली आहे. समुद्राखालून मुंबई-चेन्नईच्या किनाऱ्यापर्यंत, तेथून बंगळूरपर्यंत, होसूर रस्त्यापर्यंत आणि तेथून गल्लीच्या खांबापर्यंत ती पोहोचली. हजारो किलोमीटरचा हा प्रवास पूर्ण झाला आहे. उरलेले अंतर थोड्या मीटरांचेच आहे. परंतु ते कापण्यासाठी संशोधकाची नव्हे, तर घरमालक, दुकानदार आणि स्वतः रहिवासी यांच्या समजूतदारपणाची गरज आहे. तार कोठे संपते हे ज्याला कळले, त्याला ती आणखी पुढे नेण्याचा आग्रह धरता येतो.